पॅरोलआधीची घरचौकशी

रायपूरला मी परिविक्षा अधिकारी होते. कैद्याला पॅरोलवर सोडण्याआधी त्याच्या घरी जायचं आणि तो पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज कळवायचा, हे माझ्या कामांपैकी एक.

बूढापारा वस्तीतल्या एकाने शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केला होता. तुरुंगात भेटले तेव्हा तो नीट बोलला. आधीचा गुन्हा नाही, दारू नाही. ‘चूक झाली’ म्हणाला. पुढे म्हणाला, ‘तीच येत होती घरी.’ हे दुसरं वाक्य मला खटकलं.

घरी आई, भाऊ, भावजय आणि भावाची लहान मुलगी. खोल्या दोनच.

‘‘मॅडम, तो आता पुरा बदलला,’’ आई म्हणाली. ‘‘जेलात पूजा करते, कोनाशी भांडत नाही.’’

‘‘नात कुठे झोपते?’’

‘‘माह्यापाशी. तोई इथंच झोपन. घरचीच पोट्टी आहे न!’’

भाऊ म्हणाला, ‘‘हम देख लेंगे, दीदी.’’

भावजय दारात उभी होती. मी पाणी मागितलं आणि तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. माठातून पाणी काढता काढता ती हळूच म्हणाली, ‘‘दीदी, मी नाही म्हटलं तर मले या घरात राहू देतीन का?’’

‘‘तुमचं नाव कुठे येणार नाही.’’

‘‘मग त्याले इथं नका येऊ देऊ.’’

लहान मूल असलेल्या घरात त्याला ठेवू नये, असं मी स्वतःचं मत म्हणून कळवलं. आईने दुसऱ्याच दिवशी ऑफिसात येऊन मला खूप बोल लावले. शहराबाहेर सिलतऱ्याला त्याचे मामा-मामी दोघंच राहत. ते त्याला ठेवायला तयार झाले. तिथेच राहायचं आणि ठाण्यात हजेरी द्यायची, या अटींवर पॅरोल मिळाला. मुदत संपल्यावर तो परत तुरुंगात हजर झाला. मधल्या काळात काही घडलं नाही. बूढापाऱ्यात ठेवला असता तर घडलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. या कामात अंदाज खरा ठरला की नाही, हे पुष्कळदा कळतच नाही.

पुढे गोल बाजारात भांड्यांच्या दुकानापाशी त्या दोघी सासू-सुना भेटल्या.

‘‘काहून येऊ नाही दिलं माह्या पोराले घरी?’’ सासूने विचारलं.

सून स्टीलचे डबे उघडून बघत राहिली. तिने ओळख दाखवली नाही.

‘‘नियमच आहे तसा, काकू,’’ मी म्हणाले.

असा काही नियम नव्हता.