समेच्या आधी

"लेट," हा गृहस्थ म्हणायचा. नमस्काराच्या जागी, निरोपाच्या जागी, लिफ्टमध्ये मी त्याच्या आधी शिरलो असलो तरीही.

तुमच्याही डोक्यावर कोणीतरी राहत असेलच. इकडे परदेशात, रायस्वाइक गावातल्या आमच्या इमारतीत माझ्या वर कोरियाचा एक ऑर्केस्ट्रा कंडक्टर राहायचा. एरवी पत्ताही लागला नसता. पण लॉकडाऊन आला, मी घरून काम करू लागलो आणि हा घरून ऑर्केस्ट्रा चालवू लागला. वादक नाहीत, वाद्यं नाहीत, नुसते हातवारे आणि मात्रा मोजायला जमिनीवर टाच. क्लायंट मला विचारायचे, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?

मी तक्रार करायला वर गेलो आणि त्याचा वादक होऊन खाली आलो. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं या देशात बदली कंडक्टर म्हणून काढली. आता जवळच्या एका शहरातल्या ऑर्केस्ट्राला कायमचा माणूस हवा होता आणि एका कार्यक्रमात त्याची परीक्षा होणार होती. नोकरी मिळाली तर राहण्याचा परवाना वाढणार, नाहीतर सामान बांधायचं.

"व्हिडिओवर आवाज मागाहून येतो. मला समोर माणूस पाहिजे," तो म्हणाला. "घरात पातेलं आहे?"

तेव्हापासून दर शनिवारी दीड मीटरवर मांडलेल्या खुर्चीत, सताड उघड्या खिडकीसमोर, जाकीट घालून मी आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन बसायचो. मी नगारा होतो.

तो हात वर न्यायचा, नाकाने असा श्वास घ्यायचा की मास्क आत खेचला जायचा, आणि हात खाली. हात पडला की मी वाजवायचो.

"लेट. अगेन."

"हात पडला तेव्हाच वाजवलं की!"

"हात बघू नका. मी श्वास घेतो तेव्हा तुम्हीही घ्या. मग दोघं बरोबर पोचू."

मी वैतागून त्याला सम समजावली. म्हटलं, लहानपणापासून गाण्याच्या बैठकीत मांडीवर ताल धरत आलोय, मला शिकवू नका. आमच्याकडे सगळे मिळून समेवर येतात आणि ऐकणारा 'वा' म्हणतो.

"ऐकणारा बोलतो?"

"नाही बोलला तर गाणाऱ्याला वाईट वाटतं."

त्याने पुन्हा हात वर नेला. मग म्हणाला, "अगेन."

कार्यक्रम तीनदा रद्द झाला. प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. बायको म्हणाली, "अरे, ते पातेलं एकदाचं घरी आण. पोचे पडलेत त्याला."

शेवटी मोजक्या, लांब लांब बसवलेल्या श्रोत्यांसमोर कार्यक्रम झाला. मीही होतो, कडेच्या खुर्चीत, जिथून त्याचा चेहरा दिसत होता. शेवटाकडच्या संथ भागात त्याचा हात वर जाऊन थांबला, मास्क आत गेला आणि नकळत मीही श्वास घेतला. सगळी वाद्यं एकदम, अलगद खाली उतरली. आणि मी मोठ्याने म्हणालो, "वा!"

त्या सभागृहात लोक खोकलासुद्धा गिळून बसले होते. सगळ्या माना वळल्या, पहिल्या रांगेतल्या निवड समितीच्याही. मला धरणी दुभंगावी असं झालं.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. निघण्याच्या दिवशी तो पातेलं घासूनपुसून द्यायला खाली आला. कित्येक आठवडे मनात डाचत होतं ते मी विचारलं, "माझ्या त्या 'वा'मुळे तर नाही ना गेली?"

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी आम्ही सगळे लेट होतो. तेवढं एकच वेळेवर आलं."

वर आता एक शांत जोडपं राहतं. त्यांनी जाड गालिचा घातलाय. माझ्या मीटिंगा सुरळीत होतात. फक्त बोलायला सुरुवात करण्याआधी मी नाकाने जोरात श्वास घेतो, आणि माइक चालू असल्याने तो सगळ्यांना ऐकू जातो. त्या कंडक्टरची फार आठवण येते, आणि ती येते याचाही मला राग येतो.