माफीनाम्यावरची सही

"ओढणी झटक."

मी झटकली.

"आता केस सोड."

सोडले. सानपाड्याच्या त्या सोसायटीच्या ऑफिसात चार जण बसले होते. सेक्रेटरी, कमिटीचे दोन मेंबर आणि मॅडम. या मॅडमच्या घरी मी सहा वर्षं भांडी-फरशी केली. त्यांची बेडरूममधली अंगठी सापडत नव्हती. पुरुषांनी माना वळवल्या होत्या. म्हणजे त्यांच्या हिशेबानं त्यांनी माझी अब्रू राखली. एकाच्या हातात चहाचा कप होता. गेटवरच्या लेडी गार्डनं माझं अंग चाचपलं, चपला उलट्या करून आपटल्या, डबा उघडून चपात्यांच्या घड्या उलगडल्या. चपातीत अंगठी! पण कुणालाही हसू आलं नाही.

इथपर्यंत मला आठवत होतं. पुढं आठवत होता तो फक्त छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग. मी त्या डागाजवळ होते आणि तिथून खाली बघत होते. खाली एक बाई केस मोकळे सोडून उभी होती. तिचं मला वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

मग एकदम रस्ता. भर दुपार, हातात चपला, पायाखाली तापलेलं डांबर. इथवर कशी आले, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या केबिनच्या काचेला माझा फोटो लागला. वर लाल अक्षरांत 'प्रवेशबंदी' आणि खाली माझा माफीनामा. 'मी सदर ऐवज घेतल्याचे स्वेच्छेने कबूल करते.' अक्षर माझं. खाली सही. पण तो कागद मी कधी लिहिला ते मला आठवेना.

नवरा तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहतो. फार बोलत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "अक्षर तुजंच हाय न्हवं?"

"हाय."

"मग घेतली न्हवतीस तर लिवून कशापायी दिलंस?"

ओरडला असता तर मी भांडले असते. त्यानं हळूच विचारलं, आणि विचारताना त्याची नजर माझ्या पत्र्याच्या पेटीकडं गेली. तो कामावर गेल्यावर मी ती पेटी उपसली. पिठाचा डबा परातीत ओतला, उशीची शिवण उसवली. मी माझ्याच घराची झडती घेतली. अंगठी नव्हती. तरी मन खात राहिलं. मला पत्ता न लागता हा हात लिहू शकतो, तर मला पत्ता न लागता उचलूही शकतो. लोक चोर म्हणत होते त्याचा राग येत होता. पण मी चोर आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं. त्याची भीती वाटत होती.

फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. कामाची बाकीची चारही घरं गेली. शिरवण्यात एका पोळीभाजी केंद्रात पुऱ्या तळायला लागले. तिथं एक दिवस झारा कढईत पडला आणि उकळतं तेल हातावर आलं. शेजारची बाई किंचाळली. मी त्या हाताकडं बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजलाय असंच वाटलं. साताऱ्याहून सासूचा फोन आला. "बाहेरचं लागलंय तुला, लिंबू उतरून टाक." लिंबू उतरवलं. काही उतरलं नाही.

सरकारी दवाखान्यात पट्टी बांधणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "दुखत कसं नाही गं तुला?" आणि मला पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथं दर गुरुवारी एक समुपदेशक ताई बसतात. माझ्यापेक्षा वयानं लहान. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मी वेडी नाहीये."

"नाहीच आहात," ताई म्हणाल्या. "घरात लोड जास्त झाला की मेन स्विच पडतो ना? वायर जळू नये म्हणून पडतो. तुमच्या मनाचा तसा पडतो. पहिल्यांदा कधी पडला होता?"

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. गावाकडचं घर. बापाच्या हातात चामड्याची वादी असली की मी आढ्यावर जाऊन बसायची. म्हणजे अंग खाली मार खायचं आणि मी वर कौलं मोजायची.

"त्या मुलीला पळायला जागा नव्हती," ताई म्हणाल्या. "म्हणून ती आतल्या आत पळाली. हुशार होती."

हुशार. शाळेतसुद्धा मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. मी रडले, आणि रडताना भाजलेला हात ठणकायला लागला.

त्यांनी शिकवलं ते ऐकून आधी मला हसूच आलं. पाय जमिनीला दाबा. समोर दिसतात त्या पाच वस्तूंची नावं घ्या. गार पाण्याचा तांब्या हातात धरा. एवढ्यासाठी मी कामाचा खाडा केला होय? पण घरी करत राहिले. महिने गेले. कोणी सांगतात मन मोकळं झालं की हलकं वाटतं. मला काही हलकं वाटलं नाही. बधिरपणा गेला आणि सगळं दुखायला लागलं. राग आला, इतका की हातातली परात आपटून पोचे पाडले.

एका गुरुवारी ताई म्हणाल्या, "तो माफीनामा आपण दोघींनी मिळून बघायचा का?" मैत्रिणीनं काचेवरून काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्या दिवशी मी अक्षर तेवढं ओळखलं होतं, सही नीट वाचली नव्हती; नंतर तो उघडलाही नव्हता. पाय दाबले. उघडला.

"ही सही तुमची?"

माझीच. पण आताची नाही. लग्नानंतर वीस वर्षं बँकेत, रेशनवर मी सासरच्या नावानं सही करते. खाली होतं माझं माहेरचं नाव, बापाच्या नावासकट. शेवटच्या अक्षराखाली शेपटी, सातवीच्या वहीवर काढायची तशीच. सातवीनंतर माझी शाळा सुटली. गेटवर कामवाल्यांची नोंद ठेवतात त्या ॲपमध्ये माझं सासरचं पूर्ण नाव आहे, पण कुणी ताडून पाहिलं नाही. सहा वर्षं मी त्यांना नुसती मावशी होते. नाव वाचायची गरज त्यांना कधी पडली नाही.

अंगठी घेतली की नाही हे ताई सांगू शकत नव्हत्या. सगळं आठवेलच असंही नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पण त्या सहीनंतर एकेक तुकडा यायला लागला. सेक्रेटरीचा आवाज आला: "लिही, सदर ऐवज." मी विचारलं होतं, "सदर म्हंजे?" आणि चहाचा कप धरलेला मेंबर हसला होता. त्याच्याही आधी मी सांगितलं होतं, "मॅडम आतून कडी लावून मीटिंगला बसल्या होत्या, बेडरूममध्ये मी झाडूपण मारला नाही." मॅडमनी तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी सांगितलं होतं! कुणी ते लिहून घेतलं नाही.

मी अंगठी घेतली नव्हती.

रविवारी सकाळी मी गेटवर गेले. तीच लेडी गार्ड. जवळच्या गावातली आहे. तिला माझ्याकडं बघवेना. "तुला आत सोराचं नाय सांगलंय. फोटो हाय तुजा."

"म्हणूनच आलेय. सेक्रेटरीला बोलव."

तो आला. "अब क्या है? पोलीस बोलवू का?"

कान भरून आले. केबिनचा पत्रा मला वर ओढायला लागला. मी चपला काढल्या आणि पेव्हर ब्लॉकवर तळवे दाबले. निळं पिंप. रजिस्टर. झाडू. त्याचे पांढरे बूट. माझा फोटो.

"बोलवा," मी म्हणाले. "मला त्यांना पण सांगायचंय." आणि कागद पुढं केला. माझ्या शब्दांत लिहिलेला. मी अंगठी घेतली नाही. माफीनामा तुम्ही सांगितला, मी नुसता लिहिला. फोटो काढा.

"सही केली होतीस ना तेव्हा?"

"त्या सहीचं नाव वाचा."

त्यानं काचेवर वाकून वाचलं. मग ॲपमध्ये बघितलं. "म्हणजे खोटी सही केलीस?"

"नाय. तुमी बारा वर्षांच्या पोरीकडून लिवून घेतलंत. आता मी आलेय. माझ्याशी बोला."

तो कागदाला हात न लावता लिफ्टकडं गेला. गार्डनं मात्र तो घेतला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. तारीख, वेळ, माझं पूर्ण नाव.

फोटो अजून काचेवर आहे. मी दर रविवारी जाते, कागदाची नवी प्रत घेऊन. या रविवारी नवरा सोबत येतो म्हणाला. मी म्हटलं, ये, पण बोलायचं मी. गुरुवारही चुकवत नाही. अजून कधी कधी मी छताला जाते. तिथं मला राहायचं नाही. फोटो उतरेपर्यंत मी त्या गेटवर उभी राहणार आहे. आणि यापुढं या अंगाला कुणी हात लावायला आलं, तर या अंगात मी असणार आहे.