शांतव्वांचं रक्ताचं औषध

आमच्या कळंब्याच्या गल्लीत सुष्मिताइतकी तयार जीभ दुसऱ्या कुणाची नाही, आणि त्याच जिभेला इतकी वर्षं कुलूप लावून ती नांदली. मी तिची शेजारीण. आमच्या गच्च्या लागून आहेत, वाळवण घालताना ती माझ्यापाशीच बोलते.

एमएस्सी झालेली पोर. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत स्वस्तातली पोर्ट वाइन भरणारा एक कारखाना आहे, तिथं चाखून माल पास करायचं काम तिच्याकडं. घरी मात्र सांगितलेलं, सरबताचा कारखाना. घर लिंगायतांचं, मूळचं नेसरीकडचं, आईला अव्वा म्हणणारं. अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. ही थाप नवऱ्याचीच, राजशेखरची. "अव्वाला कळलं तर नोकरी गेली म्हणून समज," असं त्यानं लग्न ठरतानाच बजावलं होतं. तिनं ते मानलं, कारण कारखान्यात तिनं नको म्हटलं की अख्खी टाकी जागेवर थांबायची. घरात तिच्या नको म्हणण्यानं आमटीतलं मीठसुद्धा कमी होत नाही. ती नोकरी तिला जिवापाड प्यारी होती.

एकदा मी विचारलं, असल्या हलक्या मालात बघायचं तरी काय असतं गं?

"काकू, त्यातच जास्त बघावं लागतंय," ती म्हणाली. "साखरेखाली सगळं लपतंय. गोडी उतरूस्तोवर थांबायचं. मागं पिकल्या करवंदाचा वास राहिला तर माल बरा. नुसताच घसा जळला तर स्पिरिट कच्चं हाय. आणि पांढऱ्या कागदावर ग्लास कलता धरायचा. कडेला विटेचा रंग दिसला की माल शिळा होऊन उतरला."

आता गंमत बघा. तिच्या सासूबाई, शांतव्वा, रोज संध्याकाळी लिंगपूजा झाली की वाटीत दोनच चमचे 'रक्ताचं औषध' घेतात. पोर्टनं रक्त वाढतं म्हणून आपल्याकडं कितीतरी घरांत ते चालतं. राजशेखर बाटली आणतो, लेबल भिजवून काढतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. म्हातारीला वाटतं, वैद्याचा काढा आहे. सुष्मितानं मात्र बूच निघताक्षणी ओळखलेलं. पण वास ओळखला म्हणायचं, तर तो शिकलीस कुठं हेही सांगायला हवं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

यंदा नागपंचमीला उघडलेली बाटली दिवाळी झाली तरी त्या उन्हाच्या खिडकीतच. शांतव्वांची छाती जळायला लागली, खाल्लेलं वर यायला लागलं. बाटलीला शिरक्याचा वास सुटलाय, ती टाकून द्या, असं सुष्मितानं नवऱ्याला सांगून बघितलं. "संपतच आलीया, राहू दे," म्हणाला शहाणा.

त्याच संध्याकाळी शांतव्वांनी वाटी पुढं केली. सुष्मितानं बाटली उचलली आणि मोरीत ओतली.

"का ओतलंस?"

"बिघडलंय ते, अत्ती." सासूला ती अत्ती म्हणते.

"तुला कसं कळलं?"

मला तरी दहा थापा सुचल्या असत्या. तिनं सगळं खरं सांगितलं. बाटलीत काय होतं तेही, आणि कारखान्यात काय भरतात तेही. म्हातारी ओरडली नाही. तिनं लेकाला हाक मारली. तो मान खाली घालून उभा राहिला.

"हिची फॅक्टरी उद्यापास्नं बंद," शांतव्वा म्हणाल्या. "आपल्या घरच्या सुनेनं दारू चाखायची न्हाय."

"मग तुझी बाटली गं, अव्वा?"

"ते औषध हाय. तुला पारख न्हाय, हिला हाय. रोज आधी हिनं घेऊन बघायचं, मग मला द्यायचं."

गच्चीवर हे ऐकताना माझं डोकं असं तापलं की हातातला पापड मोडला. सुष्मिता बाजाराची भाजी सांगावी तशी सांगत होती. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली नाही, आणि राजशेखर नवी बाटली घेऊन आला.

कारखान्यात घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. औषध कुणी थुंकत नाही, आणि अत्ती समोर पाटावर बसलेल्या. सुष्मितानं गोडी उतरू दिली, "चांगलं हाय" म्हणाली आणि घोट गिळला. तेव्हापासून रोज संध्याकाळी आधी ती गिळते, मग अत्ती.