खंडेनवमीचा प्रोसेसर

बोलता बोलता कुणी ‘शंभर टक्के’ म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. समोरच्याला कळत नाही बाईला एकाएकी काय झालं. शंभर या आकड्यानं माझं वाटोळं केलंय, हे कुणाकुणाला समजावत बसू?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बेळगावात मावशीकडे राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि रामनगरला घरी परत आले. येताना संस्थेनं मोडीत काढलेलं एक मशीन बसच्या मागच्या सीटवर मांडीत धरून आणलं. मला पुढच्या खोलीत क्लास काढायचा होता. आमच्याकडच्या पोरांना तेव्हा कॉम्प्युटर शिकायचा तर दांडेलीला नाहीतर खानापूरला जावं लागे, आणि पोरींना तेवढ्या लांब कोण पाठवतंय! आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुदत घालून दिली होती. दिवाळीपर्यंत क्लास सुरू झाला तर ठीक, नाहीतर खानापूरकडची मंडळी मला बघायला येणार.

“लगीन झाल्यावर बी कर की काय टाईप करायचं ते,” आप्पा म्हणायचे. त्यांना खरंच तसं वाटायचं, म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

बेळगावची संस्था मला शाखा द्यायला तयार होती. अट एकच, मशीन निदान एकशे तेहतीस मेगाहर्ट्झचं हवं. दसरा झाला की त्यांचा माणूस येऊन बघणार होता. माझं पेंटियम शंभरचं. तेहतिसासाठी घोडं अडलं होतं.

यावर एक इलाज मी बेळगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात पाहिला होता. मदरबोर्ड आपला एक ठोका देत असतो, सहासष्टचा. प्रोसेसर त्याला आतल्या आत दीडनं गुणतो, म्हणून शंभर. प्रोसेसरच्या पोटाखाली सोनेरी पिनांचं दाट रान असतं. त्यातली एक ठरावीक पिन शेजारच्या अर्थिंगच्या पिनेला जोडली, की तो दीडऐवजी दोननं गुणायला लागतो. चांगल्या बोर्डावर त्यासाठी खटका असतो. माझ्या बोर्डावर तो नव्हता, माझं नशीब म्हणतात ते हेच. मग उरला एकच मार्ग, तांब्याची केसाएवढी तार त्या दोन पिनांना गुंडाळायची आणि प्रोसेसर परत सॉकेटमध्ये बसवायचा.

हे ऐकायला सोपं आहे. वायर सोलून मी एक तार वेगळी काढली आणि भुवया उपटायच्या चिमट्यानं ती गुंडाळायला बसले. तार कधी तिसऱ्याच पिनेला लागे, कधी निसटून फरशीवर पडे आणि मग सापडतच नसे. आई दारातून विचारी, “काय गे, उवा काढालीस काय त्याच्या?” एकदाची तार बसली, मशीन जोडलं, की नेमकी वीज जाई. त्या विजेसाठी काळी नदी अडवली, आमचं सुपा गाव पाण्याखाली गेलं, आम्हाला उचलून रामनगरला आणून टाकलं, आणि आमच्याच घरात बल्ब काजव्यागत लुकलुके! मी चिमटा फेकून द्यायची आणि आईच्या डोळ्यादेखत रडायची. मग चिमटा शोधायला पुन्हा फरशीवर ओणवी.

शेवटी ते जमलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात १३३ उमटले तेव्हा मी इतक्या जोरानं ओरडले की आप्पा गोठ्यातून धावत आले. त्यांनी आकडा बघितला. “आदी किती व्हतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शंभर. “मग लईच की,” म्हणाले आणि परत गेले.

पण तारेचा भरवसा नव्हता. कधी एकशे तेहतीस दाखवी, कधी शंभर. बेळगावच्या माणसापुढे असलं चालणार नव्हतं. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी मी प्रोसेसर पुन्हा काढला, तार नीट आवळली आणि ती हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा लाल थेंब सोडला. पिना वर करून प्रोसेसर ताटलीत वाळत ठेवला. तेवढ्यात आईनं झेंडूची फुलं आणायला पिटाळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळी अवजारं पुजतात. आप्पांचा एक नेम होता, गंजकं किंवा डागाळलेलं अवजार ते पाटावर घेत नसत. कोयता, कुदळ, विळे, कुऱ्हाड, सगळं घासून लख्ख करायचं आणि मग हळदकुंकू. मी फुलं घेऊन आले तर अवजारं मांडून झालेली. कोयत्याच्या शेजारी, पाटाच्या अगदी मधोमध, माझा प्रोसेसर. पिना सोन्यासारख्या चमकत होत्या, आणि निम्म्या वाऱ्यानं झोपलेल्या भातासारख्या आडव्या झाल्या होत्या.

“यंदा तुझं बी अवजार मांडलंय बघ,” आप्पा म्हणाले. “चिंचेनं घासलं. कसला तांबडा डाग पडला हुता, निघंना. चाकूनं खरवडला. मदी एक केस बी अडकला हुता.”

माझ्या मशीनला ते तोवर डबा म्हणत आले होते. अवजार हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. मी फुलं दिली, नमस्कार केला आणि परसात जाऊन केळीच्या बुंध्याला लाथा घातल्या.

त्या दिवशी पुजलेलं अवजार उचलायचं नसतं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी सुई घेऊन बसले आणि एकेक पिन सरळ करत गेले. सगळ्या उठल्या. चाकू लागलेली ती नेमकी पिन तेवढी सुईच्या टोकाशी तुटून आली. प्रोसेसर त्यानं मेला नाही, हाच तर खरा छळ. तो छान चालू झाला. ती पिन नसली की तो आपला दीडनंच गुणतो. शंभर. आता जन्मभर शंभर.

बेळगावचा माणूस आला, त्यानं पडदा बघितला आणि मान हलवली. “ह्याच्यावर आमचे धडे चालणार नाहीत हो.” आप्पा त्याला समजावत होते, “सायेब, एकशेतेहतीस हुतं, मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. पूजा बी केल्या त्याची.” त्यानं चहा घेतला आणि गेला. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर आप्पांना त्यांनी काय केलं ते कळलं असतं.

दिवाळीनंतर खानापूरची मंडळी आली. पुढचं सगळं रीतसर झालं. इथं सासरी मी गिरणीचे हिशेब बघते, कॉम्प्युटरवरच. माणसं वाईट नाहीत. पण माझा क्लास झाला नाही तो नाहीच, आणि त्याचा राग येतो तो येतोच.

ते मशीन माहेरी केव्हाच भंगारात गेलं. प्रोसेसर मात्र आप्पांनी काढून ठेवलाय. दर खंडेनवमीला त्यांचा फोन येतो, “तुझं अवजार मांडलं गे.” मी “बरं” म्हणते. गेल्या साली का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “घासू नका फक्त.”

“न्हाई गे,” आप्पा म्हणाले. “त्यो बेळगावचा मानूस येऊन गेला, तवापास्नं घासतच न्हाई. नुसतं फूल ठेवतो.”

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांना कळू नये म्हणून मी इतकी वर्षं दात आवळून गप्प बसले, आणि मला कळू नये म्हणून ते. फोन ठेवला आणि एवढी चिडले, एवढी चिडले, की रडायलाच आलं.