बाकीचे रंग कोणाचे?

वर्ध्यात रंगीत लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून छापायची चित्रं, शिकलेल्या माणसांनी एकत्र चहाला बसू नये. लोकांच्या अकलेचे इतके किस्से निघतात की चहा गार होतो. नव्वदच्या दशकात आम्ही काही जण दर रविवारी ड्रॉइंगच्या सरांकडे शिकायला जायचो. मी शाळेत गणित शिकवायची. माझी इच्छा एवढीच, की आपलं चित्र एकदा भिंतीवर लागावं आणि त्याखाली आपल्या एकटीचं नाव असावं.

पहिला राग फरशीवर अंथरायचं लिनोलियम विकणाऱ्या दुकानदाराचा. मी म्हटलं, पाटीएवढा तुकडा द्या, कोरायचाय. "कोराले? मंग नवी शीट काऊन खराब करता बाई? फाटकी न्या ना."

देवळीचे कापडवाले राठीजी आमच्याच वर्गात. आमच्या पद्धतीत शीट एकच. थोडी कोरायची, सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग तीच आणखी कोरून लाल, आणखी कोरून काळा. मागे फिरायची सोय नाही. राठीजींनी पिवळा एकाच कागदावर छापला आणि पुढचं कोरून मोकळे. सर कपाळाला हात लावून बसले, तर म्हणतात, "पहिले सँपल त पसंत पडू द्या, मंग माल काढू."

घरीही तेच. छापताना कागदाची पाठ वाटीनं घासावी लागते. सासूबाई दारात उभ्या राहून शेजारणीला सांगायच्या, "भांडे घासाले इले कंटाया येते, अन् कागद घासून राह्यली." शेजारीण तरी कमी आहे का? एक चित्र प्रेमानं दिलं, तर म्हणे, "अजून चार दे ना, छापाचंच त आहे."

पण सगळ्यात संताप आणला तो हौशी कलावंतांच्या प्रदर्शनानं. मी हिंगणीच्या पळसाचं चित्र दिलं होतं. संयोजक म्हणाले, छापील चित्र चालत नाही, हातानं केल्याचा पुरावा आणा. मी शीट नेऊन दिली. शेवटी तिच्यावर फक्त काळ्या फांद्या उरतात. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"याच्यात त काळंच आहे. पिवळा अन् लाल कोनं काढला?"

"मीच. ह्याच शीटवर होते, ते कोरून टाकले."

"म्हंजे पुरावा तुमीच फेकला म्हना."

तेवढ्यात मला घ्यायला आलेले आमचे हे स्कूटर लावून आत शिरले. संयोजकांचा चेहरा खुलला. "हां, रंगाचं काम साहेबांचं असंन."

"नाही हो," हे म्हणाले, "मी फक्त कागद वाळत घातले."

"पाहा, माणूस किती साधा आहे."

उद्घाटनाला शाल-नारळ देऊन ह्यांचा सत्कार झाला. चित्राखाली दोघांची नावं लागली, ह्यांचं आधी.

घरी आल्यावर शालीची घडी घालत हे म्हणाले, "पुढच्या वेळी आपण बोर धरणाचं चित्र करू."