कुंपणावरची कळलावी

"हात धू पयले."

मावशीचं हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस आमच्या गल्लीत नव्हतं. तिच्या अंगणातून कोणीही निघालं, नुसतं कुंपणाला टेकून दोन शब्द बोललं असलं, तरी ती चुलीतली चिमूटभर राख त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तांब्या तिरपा करायची. बाकीचं बोलणं त्यानंतर.

कारण कुंपणावर कळलावी होती. पावसाळ्यात रानाच्या कडेला तुम्हीही पाहिली असेल. पाकळ्या उलट्या वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाचं टोकच वळून जवळची काटकी धरतं. दिसायला देखणी, पण कंद जहरी. म्हणून ती राख आणि तो तांब्या.

मावशी सालेकशाजवळ, दरेकशाकडच्या एका रोपवाटिकेत रोजंदारीवर होती. हात थकले, काम सुटलं, तेव्हा ती अर्जुनी मोरगावला मुलीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आली. सामानात एक ट्रंक आणि फडक्यात बांधलेला एक कंद. तो ज्या उतारावरचा, तिथले बाकीचे कंद विकणाऱ्यांनी खणून नेले होते.

"तिकडे आता खड्डेच हायेत. हा एक लपवून ठेवला होता," ती सांगायची.

कंद नांगरासारखा वाकडा. तो उभा नाही, आडवा ठेवायचा आणि कोंब दुखवायचा नाही. थंडीत वेल पार वाळून गेली की मी म्हणायचे, "मेली गं मावशी."

"मेली कायले? खाली काम करून राहिली."

जुना कंद आपलं सगळं नव्याला देतो आणि पोकळ होऊन संपतो, हे तिनेच मला उकरून दाखवलं. उकरल्यावर अर्थात राख.

कुंपण पलीकडच्या काकूच्या आणि मावशीच्या अंगणाच्या मधोमध होतं. घराजवळ कळलावी लावली की घरात भांडणं होतात, असं आमच्याकडे पुष्कळ लोक मानतात. एका पावसाळ्यात काकूची सून भांडून माहेरी गेली आणि काकूने कुंपणाकडे बोट दाखवलं.

"तुही वेल काढ. माह्या घरात आग लावली तिनं."

"वेल कायची भांडते वं? भांडली त तू," मावशी म्हणाली.

मी तेव्हा वीस वर्षांची. वडील सभांमधून पत्रकं आणायचे, ती वाचतच मी वाढले. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जाई. एका दुपारी बसून मी पत्रक लिहिलं: 'फुलाला गुन्हेगार ठरवणाऱ्यांनो!' अंधश्रद्धेवर खणखणीत मजकूर, आणि उदाहरण म्हणून काकूच्या सुनेची हकीकत. नाव नव्हतं, पण नावाची गरजही नव्हती. झेरॉक्स काढून हातपंपापासून पानठेल्यापर्यंत चिकटवल्या.

संध्याकाळी पंपावर कोणीतरी ते मोठ्याने वाचत होतं. पाणी भरायला आलेली काकू रिकामा हंडा घेऊन परत गेली. दिवस मावळायच्या आत तिच्या मुलाने विळ्याने वेल जमिनीलगत कापली.

वेल फुलावर होती. जुना कंद संपत आलेला, नवा अजून कच्चा. त्या उतारावरचा तो शेवटचा कंद आता जगणार की नाही, हे मावशीलाही सांगता येत नव्हतं.

मी धावत गेले तेव्हा ती कापलेले तुकडे गोळा करत होती. बकरीने तोंड घालू नये म्हणून.

"मावशी, आता गप्प बसायचं नाही. मी दुसरं पत्रक काढते."

"काऊन वं? एक पुरलं नाई का?"

"चूक त्यांची आहे!"

"हाय ना. वेल कापली, ते त्याची चूक. पण तिची सून तू पंपावर कायले नेली?"

माझी बोटं अजून खळीने चिकट होती. तिने त्यांवर राख ठेवली.

"हात धू पयले. मंग जा, साऱ्या भिंतीवरचे कागद काढ."

मी काढले. अंधश्रद्धेविरुद्ध मी आजही लिहिते, आणि त्या पत्रकातला तेवढा भाग मागे घेत नाही. पण कोणाच्या घरातलं दुखणं उदाहरण म्हणून पुन्हा वापरलं नाही.

चार दिवसांनी मावशी धुतलेलं लुगडं नेसून काकूच्या दारात उभी राहिली. "चाल. सालेकशाची वाट मले माहीत हाय." दोघी गाड्या बदलत सुनेच्या माहेरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं, ते मावशीने कधीच सांगितलं नाही. सून परत आली ती मात्र स्वतःच्या अटीवर. मागच्या खोलीत तिची वेगळी चूल मांडली गेली.

पुढच्या पावसाळ्यात मावशी रोज सकाळी कुंपणाशी उकिडवी बसायची. पाऊस लागून पंधरा दिवस झाले, काही नाही.

"आली का?" एकदा काकूने पलीकडून विचारलं. वेल कापल्यानंतर वेलीबद्दल बोललेले ते तिचे पहिले शब्द.

"नाई वं."

आषाढ सरता सरता बोटाएवढा कोंब वर आला, तोही काकूच्या बाजूने. तिनेच तो आधी पाहिला. कोणाला काही न सांगता तिने त्याच्याशेजारी बांबूची काडी रोवली. मावशीला ती काडी दिसली आणि ती तोंडाला पदर लावून किती वेळ हसत राहिली.

मी नोकरीसाठी गाव सोडलं. मावशी गेली तेव्हा मला पोचता आलं नाही. दोन वर्षांनी श्रावणात घरी आले तर कुंपण नव्हतं. त्या जागी सिमेंटची पक्की भिंत उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

"तिथं का पाहून राहिली? इकडे ये," काकूने हाक मारली.

तिच्या मागच्या अंगणात बांबूच्या ताटीवर पाच-सहा वेली चढल्या होत्या, फुलांनी पेटलेल्या.

"भिंतीचा पाया खोदाच्या पयले काढून घेतले कंद," ती म्हणाली. "आडवे ठेवले, तिनं सांगतलं तसे."

मी एका फुलाला हात लावला. काकू आत गेली आणि बाहेर आली ती एका हातात तांब्या आणि दुसऱ्या मुठीत राख घेऊन.