तुळईचे दुसरे टोक

ध्वनीचा धडा शिकवताना वीरण्णा मास्तरांना फळा लागत नसे. औशाकडच्या एका गावी ते लांब बाकाच्या एका टोकाला पोराचा कान टेकवत आणि दुसरे टोक टाचणीने खरवडत. "आवाजाला माध्यम लागतं. हवा म्हना, लाकूड म्हना, पन लागतंच." घरी राजकन्या नावाच्या लेकीशी हाच खेळ मातीच्या माळवदाखालच्या तुळईवर चाले. पोत्यांवर चढून ती एका टोकाला ठोके देई, मास्तर दुसऱ्या टोकाला मोजत.

त्र्याण्णवच्या भूकंपात माळवद बसले. मास्तर आणि त्यांची बायको रुक्मिणबाई अंगणात निजले होते. लेक आत होती. उजाडले तेव्हा ढिगाऱ्यातून तुळईचे एक टोक वर आलेले दिसले. मास्तरांनी कान लावला. ठोके स्पष्ट होते.

"हाय! राजी हितंच हाय!"

"अवो, लेकरू उतरंडीपाशी निजलं व्हतं," रुक्मिणबाई म्हणाल्या. "तिकडल्या कडंला बघा."

"आवाज हितून यायलाय, रुक्मिण!"

ते आणि त्यांचा भाऊ मलप्पा हातांनी माती उपसत राहिले. मधूनमधून मास्तर पुन्हा कान लावत. ठोके तितकेच जवळचे वाटत. दुपारी ठोके थांबले. राजकन्या सापडली ती उतरंडीपाशी, तुळईच्या दुसऱ्या टोकाला.

लेकीने बापाचा धडा अचूक वापरला होता. माध्यम आवाज पोचवते, ठिकाण सांगत नाही, हे मात्र बाप भयाच्या भरात विसरला. या विसराला क्षमा असू शकते; मास्तरांनी ती कधी मागितली नाही.

पुढे लातुरात शिकवण्यांचे पीक आले आणि मास्तर एका क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवू लागले. एके दिवशी त्यांनी काचेच्या हंडीत विजेची घंटा ठेवली आणि पंपाने हवा काढली. घंटेची हातोडी हलत राहिली, आवाज विरून गेला.

"सर, आमच्या मेसवाल्यालाबी हंडीत ठिवलंय वाटतं," मागून कोणी म्हणाले. "किती बोंबला, ऐकूच जात न्हाई!"

हशा पिकला. मुदखेडची जिक्रा तेवढी हसली नाही. "सर, घंटा बंद पडली का?"

"नाही, बेटा. ती वाजतेच आहे."

"मग बाहेरच्यांनी काय करायचं?"

मास्तरांनी झडप सोडली. हवा आत शिरली, आवाज वाढत गेला. तास संपला, पुढची तुकडी दारात येऊन उभी राहिली, तरी घंटा बंद करायला त्यांचा हात उठेना.